सामंताचा उघडा हात

या मूर्तीकडं बघा. सभामंडपाच्या उजव्या भिंतीत पुरुषभर उंचीवर जी बसलेली मूर्ती आहे, ती देवाची नाही, माणसाची आहे. मैराळदेव सामंताची. त्याच्यापुढं दोन ओळींत दहा माणसं उभी आहेत, पाच पुरुष आणि पाच बाया, आणि दहाही जणांचे हात डोक्यावर जोडलेले आहेत. सामंताचा डावा हात मांडीवर आहे. उजवा मनगटापासून नाही. येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो की हा कुणी फोडला, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतो, आलं असेल कुठलं तरी परकं सैन्य. नाही. मांडवखडक आडवाटेला आहे, इथवर चढून यायचा कंटाळा सैन्यांनीही केला असावा. हा हात घरच्याच माणसानं फोडला.

माझं नाव शिदराम गुरव. सिद्धेश्वराची पूजा आमच्या घराकडं आहे. वडिलांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतो. कागद मागू नका, कागद नाही. दगड आहे आणि गावाची रीत आहे.

रीत अशी, की आमच्याकडं माणसाला नमस्कार छातीशी हात जोडून करतात. डोक्यावर हात फक्त देवापुढं जातात. चुकून कुणाचे माणसापुढं वर जायला लागले, तर समोरचा धावत येऊन मनगटं धरतो आणि म्हणतो, "हात खाली घे, आधी काय ते सांग." कारण एकदा हात डोक्यावर पोचले की मागेल ते द्यावं लागतं, नाही म्हणायची सोय राहत नाही. मागल्या निवडणुकीत तालुक्याचा एक उमेदवार आला. जीपमध्ये उभा राहून त्यानं सवयीनं डोक्यावर हात जोडले, आणि पारावरची झाडून सगळी माणसं माना फिरवून डोंगराकडं बघायला लागली. बिचाऱ्याला वाटलं, गाव विरोधकांचं आहे. गाव कुणाचंच नव्हतं. त्याच्याकडं बघितलं तर सगळ्यांना त्यालाच मत द्यावं लागलं असतं, म्हणून बघत नव्हते. हसा तुम्ही, मीही हसलो होतो. पण ही रीत हसण्यातून आलेली नाही.

असं सांगतात की हे देऊळ बांधायला घेतलं तेव्हा समोरच्या गडावर मैराळदेवाचा अंमल होता. बाप नाक्यावरचा पहारेकरी, आणि हा तलवारीच्या जोरावर सामंत झालेला. शूर होता. दानतही होती, देऊळ त्यानंच बांधायला घेतलं, उगाच त्याच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. पण नव्यानं वर आलेल्या माणसाला एक खोड असते. समोरचा किती वाकला, इकडं त्याचं सारखं लक्ष असतं.

कामावर चांगोज नावाचा म्हातारा शिल्पी होता. त्याची मुलगी रेमाई दगडावर गेरूनं आखणी करायची, आणि तिचा नवरा बोपोज त्या आखणीवर छिन्नी चालवायचा. म्हाताऱ्याची नजर, मुलीची रेघ आणि जावयाचा हात, असा तो तिघांचा मेळ होता. बाहेरच्या भिंतींवर तुम्ही हत्ती पाहिलेत, नाचणाऱ्या बाया पाहिल्यात, ते सगळं या तिघांचं आणि त्यांच्या हाताखालच्या पाथरवटांचं.

हातांचं एक शास्त्र होतं आणि ते चांगोजच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. दगडातली माणसं बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं हात बोलतात. देवापुढं जोडलेले हात डोक्यावर दाखवायचे. गुरूपुढं तोंडासमोर. आणि राजा असो, वडीलधारा असो, कितीही मोठा माणूस असो, त्याच्यापुढं छातीशी. बघणाऱ्यानं नुसते हात बघावेत आणि समोर कोण आहे ते ओळखावं. समोरची मूर्ती झिजली, पडली, तरी भक्ताचे हात सांगतात की तिथं देव होता.

मैराळदेवाला हे कुणीतरी सांगितलं. झालं, त्यानं हुकूम काढला की मंडपात माझी मूर्ती बसवा, उजव्या हातात तलवार द्या, पुढं माझी प्रजा उभी करा आणि तिचे हात डोक्यावर दाखवा.

बोपोज तापट होता. सामंत काम बघायला आला तेव्हा सगळ्या पाथरवटांदेखत त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "छातीशी दाखवीन. छातीच्या वर न्हाई. डोक्यावरचे हात देवाचे." एवढंच. पण चारचौघांत बोललेलं बोलणं मागं घेता येत नाही, आणि सामंतालाही ते ऐकून सोडता येत नव्हतं. बोपोजला गडावर नेऊन कोठारात कोंडलं. दिवसाला मूठभर चणे आणि पाणी, एवढंच द्यायचं. देवाची प्रतिष्ठा माघात ठरली होती, तिला साठ दिवस होते. प्रतिष्ठेच्या दिवशी दगडातले हात डोक्यावर दिसले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी बोपोजचा कडेलोट. कडा इथून दिसतो. त्या दीपमाळेच्या डाव्या अंगाला बघा, गडाची जी बाजू सरळ खाली उतरते, ती.

रेमाईनं बापाला सांगितलं, काम हातात घ्या. चांगोज तीन दिवस जागचा हलला नाही. एका बाजूला लेकीचं कुंकू आणि दुसऱ्या बाजूला बापजाद्यांचं शास्त्र. तो तिला सांगत राहिला की माणसाला देवाचा मान दिला तर या देवळात देव येणार नाही, आपल्या कुळाच्या हातून पुढं मूर्ती घडणार नाही, आणि ज्याच्यासाठी तू हे मागतेस तो बोपोजच तुझं तोंड बघणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, तुम्ही नियम अर्धाच सांगताय. हात जोडणाऱ्याचा सांगताय. घेणाऱ्याचा कुठं गेला?"

म्हाताऱ्याला उमजेना. तेव्हा तिनं विचारलं, "देवापुढं हात डोक्यावर जात्यात, तवा देवाचा उजवा हात कसा असतोय?"

चांगोजनं नकळत आपला उजवा हात वर केला. तळवा पुढं, बोटं वर. भिऊ नको, असं सांगणारा हात. अभयाचा.

"मग ह्यालाबी तसाच करा," रेमाई म्हणाली. "देवाचा मान पायजे, तर देवाचं वझंबी घिऊ दे."

चांगोजनं विचारलं, आणि त्याला ते पेललं नाही तर? तिनं गेरू उगाळायला घेतला. वडील ही गोष्ट सांगताना इथं थांबायचे आणि म्हणायचे, शिदराम, म्हाताऱ्यानं विचारलेला तो प्रश्न विसरू नकोस.

दोघं गडावर गेली. चांगोजनं सामंताला लपवाछपवी न करता सांगितलं. म्हणाला, काम करतो, पण शास्त्र असं आहे की हात डोक्यावर गेले की समोरच्याचा उजवा हात उघडा यावा लागतो. त्यात तलवार बसत नाही. आणि हे आजच ठरवा, कारण दगडात काढता येतं, घालता येत नाही. हातापुरता दगड आज पुढं राखला नाही तर उद्या तो येणार नाही, आणि आज कोरलेला हात उद्या बदलणार नाही. ज्याचा हात असा असतो, त्याच्यापुढं आलेल्यानं भ्यायचं नसतं.

मैराळदेव हसला. "माझ्या प्रजेनं मला का भ्यावं?" असं म्हणाला म्हणे. मग त्यानं आपला हात तसा वर करून बघितला, दरबारातल्या लोकांना दाखवला, आणि त्याला तो आवडला. तलवार काय, कुणाच्याही हातात असते.

काम सुरू झालं. चांगोजनं पासष्टीच्या वयात पुन्हा छिन्नी धरली. बाकीचे पाथरवट त्याच्याशी बोलेनासे झाले. जावयानं जे नाकारलं ते सासरा करतोय म्हणून त्यांनी पाणी पिण्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवलं. त्यानं कुणाला काही समजावलं नाही. सकाळी उजेड झाला की ठोके सुरू व्हायचे आणि उजेड सरला की थांबायचे.

रेमाई रोज दुपारी गडाच्या पायथ्याला जायची. तिथं नागू नावाचा एक पहारेकरी होता, गावातल्याच गंगव्वाचा एकुलता एक मुलगा. गंगव्वाच्या सांगण्यावरून तो रेमाईच्या हातची भाकरी घोंगडीत लपवून वर न्यायचा आणि रिकामं फडकं परत आणायचा. सापडला असता तर त्याचीही गत तीच होती. फडक्याला बोपोज गाठ मारून पाठवायचा. हत्यारांची पिशवी बांधताना मारतात तसली, वेढा देऊन उलटी घेतलेली गाठ. ती दुसऱ्या कुणाला यायची नाही. गाठ दिसली की रेमाईला कळायचं, आजचा दिवस गेला, तो आहे.

प्रतिष्ठेला तीन दिवस उरले तेव्हा फडकं गाठीशिवाय आलं. तिनं नागूला विचारलं. तो म्हणाला, आता कोठाराच्या दारावर दुसरा माणूस आहे, मी फटीतून भाकरी सरकवतो आणि फटीतूनच फडकं ओढून घेतो, आत काय आहे ते मला दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही गाठ नव्हती. तिसऱ्या दिवशी फडकं आलंच नाही. रेमाईनं बापाला यातलं काही सांगितलं नाही. दहाव्या माणसाची बोटं तेवढी राहिली होती, आणि बोटांवर चुकलेला ठोका परत घेता येत नाही.

प्रतिष्ठेच्या दिवशी मंडप माणसांनी भरला. आत देवाची स्थापना झाली, आणि मग मैराळदेव स्वतःच्या मूर्तीखाली चौरंगावर येऊन बसला. दोन्ही बाजूंना त्याचे सरदार, आणि बाहेर त्याच्या अन्नावरची तीनशे माणसं. मूर्ती बघून तो खूश झाला. मग हुकूम झाला की दगडात आहे तसं प्रजेनं करावं. लोकांनी एकमेकांकडं बघत हात वर नेले. कुणी कपाळाशी थांबवले, कुणी डोळे मिटून डोक्यावर नेले, आणि मैराळदेवानं वरच्या मूर्तीसारखा आपला उजवा हात उचलला. तळवा लोकांकडं.

तेव्हा रेमाई पुढं आली. तिचे हात डोक्यावर होते, आणि ती लोकांसारखी नजर चुकवत नव्हती.

"महाराज," ती म्हणाली, "माझे हात वर हैत आन् तुमचा हात उघडा हाय. भिऊ नको म्हनताय, म्हनून मागते. माझा नवरा द्या."

सरदारांना समजलं आणि मैराळदेवालाही समजलं. हात खाली घेतला असता तर प्रश्नच मिटला असता. बाईला बाहेर काढायला दोन माणसं पुरे होती. पण आत देव नुकताच बसलेला, वर तोच हात दगडात उघडा, आणि बाहेर तीनशे जण, जे या हाताच्या शब्दावर लढाईत उतरायचे. त्यांच्यादेखत दिलेलं अभय त्यांच्यादेखतच काढून घेणारा धनी उद्या त्यांचंही काढून घेईल. रेमाईचे हात तसेच होते. आणि तिला तर हेही माहीत नव्हतं, की ती ज्याला मागतेय तो माणूस जिवंत आहे की नाही.

किती वेळ गेला ते कुणी सांगत नाही. हात वर ठेवूनच मैराळदेव म्हणाला, "सोडा त्याला."

बोपोज जिवंत होता. शेवटचे तीन दिवस त्याच्या अंगात ताप होता, गाठ मारायचंही त्राण नव्हतं. तरी तो आपल्या पायांनी गड उतरला आणि आधी देवळात आला. भिंतीकडं त्यानं बघितलं. मग तो सासऱ्याला म्हणाला की जे करावं लागू नये म्हणून मी मरायला तयार झालो तेच तुम्ही केलंत. रेमाई म्हणाली, "व्हय, केलं. तू हैस." पुढं कित्येक दिवस त्या घरात कुणी फारसं बोललं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. सांगायला चांगली होती. पण तसं झालं नाही.

आता लोकांना वाट सापडली होती. सामंत सोमवारी देवळात आला की कुणीतरी डोक्यावर हात जोडून पुढं यायचं. कुणाचा बैल ओढून नेलेला, कुणाची वेठ. सुरुवातीला मैराळदेव देत गेला, त्याला त्याचं कौतुकही वाटलं. मग वाटेनासं झालं. तो एक सोमवार सोडून यायला लागला, मग दोन. आणि मान मिळाला की माणूस विसरतो, पण हार झाली की आठवत बसतो. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की साठ दिवस चण्यांवर राहिलेला माणूस आपल्या पायांनी गड कसा उतरला. त्यानं चौकशी लावली. चौकशीला किती वेळ लागतो? नागू सापडला, आणि त्याचा कडेलोट ठरला.

गंगव्वा धावत रेमाईकडं आली. आणि रेमाईनं तिला काय सांगितलं असेल? जे तिच्या स्वतःच्या उपयोगी पडलं होतं तेच. म्हणाली, "आज सोमवार हाय, तो देवळात हाय. चल. हात डोक्यावर ने. तो न्हाई म्हनू शकत न्हाई." तिला ते खरंच वाटत होतं. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण पुढं आयुष्यभर ती तसं म्हणत राहिली.

दुपारची वेळ होती. गंगव्वा मंडपाच्या दारात उभी राहिली आणि तिनं हात डोक्यावर नेले. मैराळदेवाच्या अंगावर शाल होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, वर आपल्या मूर्तीकडं बघितलं, आणि उजवा हात शालीच्या आत घेतला.

"हा हात प्रजेसाठी आहे," तो म्हणाला, "फितुरांसाठी नाही." आणि तिच्या अंगावरून बाहेर निघून गेला.

रेमाई त्याच्यामागं धावली, तिला शिपायांनी पायरीवर अडवलं. चांगोज आडवा गेला, त्याला ढकललं. गंगव्वा मात्र जागची हलली नाही. तिचे हात तसेच वर होते आणि तोंड रिकाम्या चौरंगाकडं होतं. उन्हं कलली. गडावर नगारा वाजला. तो कशाचा नगारा असतो ते इथल्या सगळ्यांना माहीत होतं. लोक जमले, पण तिच्याजवळ जायचा धीर कुणाला होईना. शेवटी रेमाई गेली. तिनं गंगव्वाची मनगटं धरली आणि म्हणाली, आता हात खाली घे, बाई. हात लाकडासारखे ताठ झाले होते.

गंगव्वा म्हणाली, "अजून त्यानं काय दिलं न्हाई."

माझे वडील हे वाक्य सांगून उठून जायचे. पुढचं आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मैराळदेव देवळात आला. भिंतीतला त्याचा हात अजूनही भिऊ नको म्हणत होता. त्यानं चांगोजला हुकूम केला की हा हात काढ, तलवार बसव. चांगोज म्हणाला, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दगडात घालता येत नाही. आणि काढायचंच असेल तर ते मी करणार नाही. त्यानं आपली सगळी हत्यारं सामंताच्या पायाशी ठेवली आणि तो बाहेर जाऊन बसला. त्यानंतर त्यानं छिन्नी धरली नाही. मग मैराळदेवानंच घण उचलला. तीन घाव लागले म्हणतात. मनगटाच्या तुटल्या जागी बघा, दोन फटके ओझरते बसलेले दिसतात, तिसरा सरळ आहे. हात फोडल्यावर त्याच्यापुढं कुणी हात डोक्यावर नेले नाहीत, आणि गंमत अशी, की छातीशीही नेले नाहीत. लोक नुसते बाजूला व्हायचे. वर्षाच्या आत तो गड सोडून गेला. कुठं गेला, कसा मेला, ते गावानं लक्षात ठेवलेलं नाही.

रेमाई मात्र घरोघर फिरली. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं सांगितलं की माणसापुढं हात वर नेऊ नका; आणि कुणी तुमच्यापुढं नेले, तर डोक्यापर्यंत पोचायच्या आत धरा. धरता आले नाहीत तर मागेल ते द्या. हात रिकामे खाली येऊ देऊ नका. गावानं ते ऐकलं. गंगव्वाला तिनं आपल्या घरी आणलं. गंगव्वा तिच्यावर कधी रागावली नाही, कधी हसलीही नाही, असं सांगतात. ती दळण दळायची, पाणी भरायची आणि संध्याकाळी देवळाच्या दारात बसून राहायची. पाच वर्षांनी ती गेली.

ती गेल्यावर रेमाईनं एक दगड निवडला आणि त्यावर गेरूनं आखणी केली. तिच्या हातची ती शेवटची आखणी. नवऱ्याला म्हणाली, हे तू कर. बोपोजनं आखणी बघितली. बाई उभी होती आणि तिचे हात डोक्यावर होते. ज्या हातांपायी तो कड्यावरून जायला तयार झाला होता, तेच. त्यानं विचारलं, "हिच्या म्होरं कोन?"

"कुनीबी," रेमाई म्हणाली. "जो येईल तो."

बोपोजनं छिन्नी घेतली. महिनाभर त्यानं ते काम केलं, आणि कुणी सांगितलं नसताना सासऱ्याला रोज शेजारी बसवून घेतलं. मूर्ती झाली तेव्हा ती देवाकडं तोंड करून बसवली नाही, सामंताच्या भिंतीकडंही नाही. दाराच्या आत, तोंड बाहेर करून बसवली. तुम्ही आत आलात तेव्हा उजेडातून अंधारात आलात, म्हणून तुम्हाला ती दिसली नाही. आता मागं वळा. खांबाच्या डाव्या बाजूला, तुमच्या आमच्याच उंचीची. गंगव्वा.

आजही गावातला माणूस देवाकडं जायच्या आधी तिच्यासमोर थांबतो. उजवा हात वर करतो, तळवा तिच्याकडं, आणि म्हणतो, "भिऊ नको." म्हातारीकोतारी म्हणतात, शाळेतल्या मुली म्हणतात, परवा आमच्या गावचा फौजदार झालेला पोरगा गणवेशात आला होता, तोही म्हणाला. तुमच्यासारखे शिकलेले लोक मला विचारतात की तिचा मुलगा तर त्याच संध्याकाळी गेला, आता याचा तिला काय उपयोग? मी रोज पहाटे देऊळ उघडतो, आणि देवाच्याही आधी तिला हात दाखवतो. माघाच्या थंडीत लोक शाली पांघरून येतात. पण त्या दारात आले की प्रत्येक जण शालीतून हात बाहेर काढतो. आत ठेवून पुढं गेलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.